चाव्याखालचं रक्त

"लांडगाच," मेंढपाळ म्हणाला. "बघायचीसुद्धा गरज नाही."

वनखात्याच्या डॉक्टरीणबाई मेलेल्या मेंढीजवळ गुडघे टेकून बसल्या. हे वाक्य त्यांनी याच माळावर, याच माणसाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की वनखात्याच्या ऑफिसात त्याचं नावच 'आलारे' पडलं होतं. फोनमध्ये खाकरणं ऐकू आलं की कारकून रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायचा, "बाई, आलारे आलेत." मग त्या जीप काढायच्या, मेंढी तपासायच्या आणि बहुतेक वेळा सांगायच्या, काका, हे कुत्र्याचं काम आहे. मग तो भांडायचा. लांडग्याला इथून हलवा म्हणायचा, तुम्हाला माणसांपेक्षा ते जनावर प्यारं आहे म्हणायचा, आणि शेवटी स्वतःच चहा करून त्यांच्या हातात द्यायचा. तोंड मात्र वाकडंच.

आज सोबत खात्याचे साहेब होते. ते नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. हा माळ लांडग्यासाठी राखून ठेवलेला होता, आणि तो राखलेला होता म्हणूनच आलारेचा कळप तिथे चरत होता. पलीकडच्या दगडखाणवाल्यांचा माळावर केव्हापासून डोळा होता. इतक्यात माळावर लावलेल्या कुठल्याच कॅमेऱ्यात लांडगा दिसला नव्हता. लांडगाच नाही तर जागा कशाला अडवून ठेवायची, अशी वरून विचारणा झाली, आणि साहेब प्रकरण मिटवायला आले. त्याच सकाळी फोनमध्ये आलारे खाकरला. साहेब म्हणाले, चला, तेवढं बघून टाकू. माणूस वाईट नव्हता. त्यांची पाठ दुखत होती आणि त्यांना एक उत्तर हवं होतं, कुठलंही चाललं असतं.

तपासायची रीत साधी होती. चाव्याच्या जागची लोकर कातरायची, कातडी सोलायची आणि खाली बघायचं. जनावर जिवंत असताना दात लागले असतील तर तिथे रक्त साकळलेलं असतं. मेल्यावर लागले असतील तर मांस स्वच्छ असतं. ही रीत आलारेला तोंडपाठ होती. एरवी तो मान लांब करून खांद्यावरून बघायचा आणि मध्येमध्ये शिकवायचाही. आज तो दोन पावलं मागेच थांबला होता.

बाईंनी नरड्याची कातडी सोलली. खाली रक्ताचा टिपूस नव्हता. भोकं मात्र अगदी जिथे हवी तिथे होती, लांडग्याच्या सुळ्यांत असतं तेवढंच अंतर ठेवून. लोकर कातरायच्या कात्रीच्या टोकाने ती पाडलेली होती. मेंढी म्हातारी होती, आपल्या मरणाने मेली असणार. जिवंत मेंढीला कात्री टोचायला आलारेचा हात काही धजला नसणार.

हे सगळं कातडी न सोलताही बाईंना कळलं असतं. लांडगा येणार कुठून? माळाच्या टोकाला, झुडपांच्या आडोशाला, तो त्यांनाच मेलेला सापडला होता. पहिला संशय त्यांना आलारेचाच आला. विष घातलं असेल म्हणून त्यांनी लांडग्याचं पोट उघडून पाहिलं. विष नव्हतं, नुसतं म्हातारपण होतं. सुळे झिजलेले, बरगड्या वर आलेल्या. ऑफिसात कळवायचं तर माळ गेला. माळ राहिला तर डोंगराकडून कधीतरी दुसरा येईल, असं मनाला बजावत त्यांनी त्याला पुरलं आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती. नोकरीत खोटेपणा त्यांनी कधी केला नव्हता, आणि या वयात नव्याने सुरुवात करायची म्हणजे फारच दमायला होत होतं.

"काय दिसतंय?" साहेबांनी रुमालाआडून विचारलं.

बाईंनी वर पाहिलं. आलारे मेंढीकडे बघतच नव्हता. तो त्यांच्याकडे बघत होता. बाईंनी कातडी हलकेच परत जागेवर बसवली.

"लांडगा," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "म्हणजे माळ आहे तसाच राहू द्यायचा," ते म्हणाले आणि एक हात कमरेवर ठेवून जीपकडे चालू लागले.

बाई उठल्या. आलारेने पाण्याचा डबा आणला आणि त्यांच्या हातांवर पाणी घालायला लागला. त्यांना त्याचा मनस्वी राग आला होता. स्वतःचाही आला होता, पण तो कुणावर काढणार?

"काका, जन्मभर माझ्याशी भांडलात, पण खोटं कधी बोलला नव्हतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज हे काय केलंत? मला कळणार नाही असं वाटलं?"

"तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"मग? मी साहेबांना खरं सांगितलं असतं तर?"

आलारेने डबा थोडा आणखी कलता केला. नखांत अडकलेली लोकर निघेपर्यंत तो पाणी घालत राहिला. तिकडे साहेबांनी हॉर्न वाजवला.

"बाई, लांडग्याला पुरलंत तो खड्डा फार उथळ झाला होता," तो म्हणाला. "कोल्हे उकरायला लागले होते. मी वर दगड रचून ठेवलेत."