नाईटवर कोण कोण?

फाटकापासून बाजेपर्यंत येताना बादल दोनदा थांबला. एकदा नळापाशी, एकदा कडुनिंबाला हात टेकवून. अंगण म्हणाल तर उणंपुरं वीस पावलांचं.

"दम लागला का बे?" बाजेवरून धर्मपालने विचारलं.

"हो ना बापा," म्हणत बादल शेजारी टेकला.

दोघंही राजूरच्या खाणीतून रिटायर झालेले. एके काळी खाणीच्या फुटबॉल टीममध्ये धर्मपाल गोली आणि कॅप्टन, बादल राइट आउट, उजव्या कडेने पळणारा. आज बादलला बोलावणं होतं ते मोनालीचं. धर्मपालच्या सुट्टीवर आलेल्या या लेकीने मोबाइलवरच्या एका गेममध्ये टीम तयार केली होती. त्यात आपण स्वतः खेळायचं नसतं. टीम कशी खेळणार ते ठरवायचं आणि मग बघत बसायचं. म्हाताऱ्यांना सोसेल असाच खेळ. भिंतीवरच्या टीमच्या जुन्या फोटोतली अकराच्या अकरा नावं तिने त्यात टाकली होती.

"हे पाहा काका, सात नंबर. बादल. वय एकोणीस."

बादलने चष्मा वर-खाली केला. हिरव्यागार मैदानावर टिकल्यांएवढे अकरा लाल ठिपके उभे होते. राजूरचं मैदान काळं होतं, पडलं की गुडघ्यात कोळसा जायचा. बादलच्या उजव्या गुडघ्यावर तो निळसर डाग अजून आहे. धोतरावरूनच त्याने तिथे हात फिरवला.

"आता बाबा, तुम्ही सांगा," मोनाली म्हणाली. "एक तर मागं थांबून खेळायचं, गोल सांभाळत. नाही तं समोरच्याच्या अंगावर जायचं, बॉल हिसकायचा अन् पळत सुटायचं. एकदा ठरवलं का सीझनभर तशीच प्रॅक्टिस होते."

"मागं थांबून," धर्मपालने लगेच सांगून टाकलं. बारा वर्षं त्याने टीम तशीच खेळवली होती.

 बादलची नजर हिरव्या मैदानावरून आपल्या चपलांवर आली. सत्तरीतल्या माणसाने मोबाइलवरच्या ठिपक्यासाठी हिरमुसावं हे हसण्यासारखंच आहे, पण तो हिरमुसला खरा. त्या काळच्या एका फायनलला पायात बॉल होता, समोर मोकळं मैदान होतं, आणि मागून धर्मपालची हाक आली होती, 'बादल, थांब!' तो थांबला. मॅच गेली. पंचेचाळीस वर्षांत दोघांनी त्या हाकेचा विषय काढला नव्हता. एकदा, फक्त एकदा, तो ठिपका का होईना, टोकापर्यंत पळताना बादलला पाहायचा होता.

"काका, तुमचं काय म्हणणं?"

"माह्यं काय? कॅप्टन तो हाय."

मोनालीचं बोट बटणाकडे गेलं, तेवढ्यात धर्मपालने तिचं मनगट धरलं.

"आधी हे सांग, नाईटवर कोन कोन हाय?"

"म्हणजे?"

"नाईट करून कोन कोन आलं? उत्तमसिंग तं हमेशा नाईटले. अन् हा बादल, फायनलच्या टायमाले रातभर खाली होता. सकाळी वर आला, तोंड धुतलं अन् बूट घातले. रातच्याले पुन्हा उतरायचं होतं त्याले. अशा मानसाले पळवू कसा मी?"

बादलने धर्मपालकडे मान वळवली. 

"म्हनून 'थांब' म्हनलं होतं तू?"

"नाही तं कायले म्हनू?"

मोनालीला हसू आलं होतं, ते तिने गिळलं. "बाबा," ती म्हणाली, "यायले ड्यूटीच नाही."

"ड्यूटी नाही? मंग दिवसभर करतेत काय?"

"खेळतात."

"निस्ते खेळतेत?"

"निस्ते खेळतात. जेवतात, झोपतात, अन् उठले का खेळतात."

 कडुनिंबाची पिवळी पानं एकेक करून अंगणात उतरत होती. त्या संथ उन्हात धर्मपालला ती अकरा पोरं दिसायला लागली. रात्रभर झोप झालेली, पोटभर भाकर खाल्लेली, नखांत काळं नसलेली. उत्तमसिंगचे डोळे लाल नव्हते. अमर जांभया देत नव्हता. सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे होते, कॅप्टन काय सांगतो ते ऐकायला. इतकी सुंदर टीम त्याला जन्मात मिळाली नव्हती.

"मंग पळू दे," तो म्हणाला.  "साऱ्यायले पळू दे."

मोनालीने बटण दाबलं आणि मोबाइल दोघांच्या मधे धरला. मॅच सुरू झाली. जरा वेळाने बॉल उजवीकडे आला आणि सात नंबरचा ठिपका रेषेच्या कडेने निघाला. एकाला चुकवलं. दुसऱ्याला मागे टाकलं. सवयीने 'थांब' म्हणायला धर्मपालचं तोंड उघडलं, तसा त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा तोंडावर धरला.

लांब खाणीवर चारच्या पाळीचा भोंगा झाला. या भोंग्याला आजही दोघांचे पाय आपोआप चपला शोधतात. आज कोणाचा पाय हलला नाही.

"दम लागला का बे?" धर्मपालने हळूच विचारलं.

"नाही," बादल म्हणाला. त्याची नजर ठिपक्यावरच होती. "अजून लय मैदान हाय समोर."