थर्ड पार्टी

उषाबाईंच्या नवऱ्याची मोटार शहागडच्या अलीकडं एका सायकलवाल्याला उडवून झाडावर आदळली. सायकलवाला आणि नवरा, दोघंही जागीच गेले. तेराव्यानंतर विमा एजंट काकासाहेबांनी पॉलिसी वाचली आणि मान खाली घातली. "वहिनी, ही नुसती थर्ड पार्टीची हाये. ज्याला गाडी लागली त्याच्या घरच्यांना भरपाई भेटंल. आपली गाडी अन् दादा हिच्यात बसत न्हाईत. मी फुल इन्शुरन्स घ्या म्हणून सांगितल्तं, दादा न्हाई म्हणले." उषाबाईंनी पॉलिसी उचलली आणि कपाटात कपड्यांखाली कोंबून ठेवली. दोन दिवसांनी त्या सायकलवाल्याची बायको, नूरबी, दारात आली. "वकीलसाहेबांनी पॉलिसीचा नंबर आणायला सांगितलाय." "पॉलिसी सापडून न्हाई राह्यली," उषाबाई म्हणाल्या. नूरबीनं बिलकुल वाद घातला नाही. "तुमच्या घरातबी माणूस गेलंय. तुम्हाला तकलीफ दिली, माफ करा," म्हणून ती वळली. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा उषाबाईंना राहवलं नाही. त्यांनी तिला हाक मारून आत बसवलं, पॉलिसी काढली आणि नंबर एका कागदावर लिहिला. एकही आकडा चुकू नये म्हणून दोनदा ताडून पाहिला. नूरबीनं कागद पदरात बांधला. मग उषाबाईंनी इतके दिवस मनात अडलेलं विचारलं, "त्या दिवशी तुमचे मालक कुठं चालल्ते?" "घरीच येऊन राह्यलते," नूरबी म्हणाली. उषाबाईंनी मान हलवली. "हेबी घरीच येऊन राह्यलते."