शनवारचा फोन

अठ्ठ्याण्णव साली रोह्याच्या ज्युडिथबाईंनी आपल्या घरातल्या कॉम्प्युटर क्लाससाठी पेणच्या सुशीलकडून अँटिव्हायरस बसवून घेतलं. शनिवारी बाई शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, पाळायच्या. क्लास बंद, आणि कुठल्याच यंत्राला बोटही लावायचं नाही.

"मग शनवारचाच टाइम लावतो," सुशील म्हणाला. "दुपारी दोनला मशीन आपणहून फोन लावील नि नव्या व्हायरसची यादी उतरवून घेईल. आधी रिंग, मग किरकिर. तुमी हात लावायचा नाय."

शनिवारी दोनला, कॉम्प्युटर फोनला जोडणाऱ्या मॉडेममधून रिंग ऐकू आली. किरकिर मात्र आली नाही. पलीकडं कुणीतरी दोनदा खाकरलं.

बाईंनी वळून मॉडेमकडं पाहिलं. असं खाकरून बोलायची सवय त्यांच्या वडिलांची. आणि रूबेनबाबांना मातीआड होऊन आठ वर्षं झाली होती.

"कोण?" मॉडेममधून बाबांचाच आवाज आला.

बाई धावल्या. शब्बाथ विसरून त्यांनी भिंतीतून फोनची वायर हिसकून काढली, पाठोपाठ मॉडेमचा प्लगही उपटला. त्याचे दिवे विझले.

विझल्या मॉडेममधून पुन्हा दोनदा खाकरणं आलं.

"ज्युडिथ, आज शनवार ना गो? हात कशाला लावलास?"