जिनिंगमागची गल्ली

सेलूत कापसाच्या जिनिंगमागच्या आमच्या गल्लीत समदे ओरडूनच बोलतात. मशीनच्या घरघरीत हळू बोललेलं ऐकू येत नव्हतं. झोप लागंना म्हणून वीस वर्षं अर्ज दिले, कुणी फिरकलं न्हाई. जिनिंग बंद पडून वर्ष झालं, तवा मनाचे डॉक्टर तपासायला आले.

माझ्या सासूबाई, शांतम्मा, ओरडून म्हणल्या, "अजून चालूच हाय."

"मशीन भंगारात गेली, आजी. आवाज तुमच्या डोक्यात आहे," डॉक्टर हळू, गोड आवाजात म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलं, "मग बसा की, चहा होईस्तोवर."

चहा घेऊन ओट्यावर आले. डॉक्टर दोन्ही कानांत बोटं घालून, घसा ताणून ओरडत होते, "आजी, कसलाच आवाज नाही."