जेवणघरातला फोन

जेवणघरातला पांढरा फोन वाजला, की पंतप्रधानांच्या घरची माणसं आपापली ताटं उचलून स्वयंपाकघरात जात. देशाचं बोलणं घरच्यांच्या कानावर पडता कामा नये, हा साहेबांचा दंडक.

आज फोन वाजला तशी कुमुदिनीबाईंनी नवऱ्याची आमटी झाकली. "चल गं, ऊठ," त्या सुनेला म्हणाल्या. सरहद्दीवर गोळीबार सुरू झाल्यापासून दोघींच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मुलगा तिथंच लढत होता. नवऱ्याला विचारायची मात्र सोय नव्हती.

दाराशी पोचून त्यांनी मागे पाहिलं. साहेब नुसते ऐकत होते. मग त्यांनी फोन हलकेच खाली ठेवला.

"थांबा," ते म्हणाले. "हा फोन घरचा होता."