माडीवरचं विद्यापीठ

गोष्ट २०२१ सालची. कसबा बावड्यातल्या प्रभुलिंगांची सून विद्याश्री हिला जर्मनीत कम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला, पण कोरोनामुळे पहिलं वर्ष घरूनच करावं लागलं. भाकऱ्या आवरून ती माडीवर लॅपटॉपपुढं बसायची. पुढच्या वर्षी विद्यापीठानं कळवलं, इकडे या, नाहीतर घरूनच शिका.

“घरात बसून हुतंय की सगळं. मग जायचं कशाला?” सासरे म्हणाले. नवरा गुरुपादनं आणखी एक भाकरी वाढून घेतली. लांबचं जग जोडायचं जे शास्त्र ती शिकत होती, त्यानंच तिला घरात कोंडलं होतं.

मग ऐन परीक्षेत इंटरनेटची केबल तुटायला लागली. दोन पेपर बुडाले. “रडू नगंस, आधी जेव,” सासूबाई शांतव्वा म्हणाल्या. तिसऱ्या वेळी प्रभुलिंगच वैतागले. “जा बाई, तिकडंच जाऊन शीक. हितं काय खरं न्हाय.”

आज विद्याश्री तिकडं इंजिनिअर आहे, गुरुपादही तिच्याकडं गेला. “सुनेला मीच धाडलं की,” असं प्रभुलिंग पै-पाहुण्यांत सांगतात. घरात आता म्हातारा-म्हातारी दोघंच.

 

केबल तिन्ही वेळा आपणच विळ्यानं कापली, हे शांतव्वांनी त्यांना अजून सांगितलेलं नाही.