बेगिमायला काय येतं

"मला पावलांवरून कळतं," बेगिमाय म्हणाली.

तिसरीचा वर्ग कोळशाच्या शेगडीभोवती दाटीवाटीने बसला होता. बाहेर बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत चढला होता. आतापर्यंत सगळं मजेत चाललं होतं. अंगावर येणाऱ्या घोड्याला आपण भीत नाही, असं बेकतुरने सांगितलं होतं. भांडलेल्या दोघींना आपण पुन्हा बोलायला लावतो, असं आयझिरेक म्हणाली, तेव्हा तिनंच जिच्याशी भांडण उकरून काढलं होतं ती मुलगी खुदकन हसली. तालुक्याच्या प्रशिक्षणात शिक्षिका बुरुलायला – मुलं तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत – हेच शिकवलं होतं. प्रत्येक मुलात एक ताकद असते, ती त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची, मग वर्गाने टाळ्या वाजवायच्या.

"काय कळतं, बाळ?" तिने विचारलं.

"मामा कसे आलेत ते." बेगिमाय उभी राहिली. एरवी ती आपणहून कधी उभी राहत नसे. "बूट झटकून आले, तर बरे असतात. न झटकता आले, तर पिऊन आलेत, पण मग लवकर झोपतात. पण बूट झटकले आणि दार हळूच लावलं, तर माझ्या धाकट्या भावाला, तिलेकला, रजयांच्या मागे लपवायचं. त्याला रडू द्यायचं नाही. माझं चुकत नाही, एजे. एकदाच चुकलं, तेव्हा तिलेकचा हात मोडला. पण तेव्हा मी पहिलीत होते."

एवढं बोलून ती मान ताठ करून वाट पाहत राहिली.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. ठरलं होतं ते ठरलं होतं. बेकतुरने सुरुवात केली आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. बेगिमाय लाजून हसली. बुरुलायच्या लक्षात आलं, आपलेही हात टाळ्या वाजवताहेत.

मधल्या सुट्टीत ती मुख्याध्यापिकेकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणून बोलल्या. पोरांची आई मॉस्कोत फरशा पुसते. मामाने, कुबातने, पोरं घराबाहेर काढली तर त्यांना ठेवून कोण घेणार? आणि गावचा पोलीस कुबातच्याच घरी जेवायला बसतो, हे काय बुरुलायला ठाऊक नव्हतं? शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "ज्याचं उत्तर ऐकवत नाही, ते विचारायचं कशाला?"

शाळा सुटल्यावर बुरुलाय बेगिमायबरोबर चालू लागली. बेगिमाय पुढे राहून बर्फ तुडवत तिच्यासाठी वाट करत होती. तेवढ्या वेळात बुरुलायने ठरवलं, नौरूझच्या सणाला नाच बसवायचाय असं सांगायचं आणि दोन्ही पोरांना काही दिवस आपल्या घरी आणायचं. पुढचं पुढे.

कुबातनेच दार उघडलं. स्वच्छ दाढी केलेला, न प्यायलेला माणूस. त्याने बुरुलायचा कोट घेतला, पाहुण्याच्या मानाच्या जागी तिला बसवलं, बेगिमायला चहा ओतायला सांगितलं आणि स्वतः पाव मोडून तिच्यापुढे ठेवला. त्याच्या पायाशी चार वर्षांचा तिलेक मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी सागरगोट्यांसारखं खेळत होता. मग घरात गार वारा येतोय म्हणत कुबात उठला आणि उघडं राहिलेलं दार त्याने लावलं. अगदी हळूच.

बुरुलायने मान वळवली, तर हाडं तशीच पसरलेली होती आणि तिलेक नव्हता. बेगिमाय रजयांच्या ढिगाला पाठ टेकून बसली होती. हातातली किटली तिने सांभाळून खाली ठेवली.

"पोरीने काही केलं का, एजे?" कुबातने विचारलं.

तिने काही केलं नाही, उलट गुणी आहे, असं म्हणत बुरुलायने नाचाचं सांगितलं. तालमीसाठी दोघं आठवडाभर आपल्याकडे राहिली तर बरं होईल.

"दोघं?" तो हसला. "ते एवढंसं पोर काय नाचणार? हिला न्या की. धाकटा राहील माझ्यापाशी. मलाही सोबत नको का?"

बोलता बोलता तो तिच्याकडे पाहत होता. नजर काढून घेत नव्हता. बुरुलायला म्हणायचं होतं की मला सगळं ठाऊक आहे. तो मोडलेला हातही. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. तिने पियाला उचलला आणि ते चहाबरोबर गिळून टाकलं.

"मला नाही नाचायचं," बेगिमाय म्हणाली. "मी घरीच थांबते."

"बघा," कुबात म्हणाला, "घराची ओढ आहे पोरीला. आईसारखी नाही."

आणखी दोन पियाले पिऊन होईपर्यंत त्याने बुरुलायला उठू दिलं नाही. मग कोट आणून दिला, शाळेला कोळसा कमी पडला तर कळवा म्हणाला.

कुत्रा अंगावर येऊ नये म्हणून बेगिमाय तिला फाटकापर्यंत सोडायला आली. एका हाताने तिने कुत्र्याची मान धरली होती. बुरुलाय तिच्यापुढे वाकली. उद्याच तालुक्याला जाईन, तुझ्या आईला फोन करीन, पुन्हा येईन, असं काही तरी तिला सांगायचं होतं. पण त्याआधीच बेगिमायने मोकळ्या हाताने तिच्या कोटाची बाही धरली.

"तुम्ही खूप घाबरला होतात, एजे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पण त्यांना नाही कळलं."

मग फाटक लावून तिने कुत्र्याला सोडलं आणि ती धावत आत गेली. तिलेक अजून रजयांमागेच होता.